स्वल्पविराम

गुरुवारी दुसऱ्या तासाला
मी वर्गात एक माणूस आणला,
तीनशे वर्षं जुना, दप्तरात मावणारा.
लोकरी मोज्यातून तीन तुकडे काढले,
एकात एक बसवले, फिरवून सरळ केले.
"हा मातुरँ केनो," मी म्हटलं, "आपल्याच गावचा."
"ही तर काठी आहे, मादाम."
"काठीला भोकं नसतात," सोलीन म्हणाली.
ती सगळ्यांनाच दुरुस्त करते.

सहा भोकं बोटांसाठी, एक ओठांपाशी,
आणि खाली करंगळीसाठी
पितळेची किल्ली, एकच.
"किल्ली? मग कुलूप कुठे?"
"तुमच्या कानात," मी सहज म्हटलं,
तर ओदिलाँ दोन्ही करंगळ्या घालून शोधू लागला.

मग त्याची गोष्ट सांगितली, ठाऊक आहे तेवढी.
बाप कातारी, आजा कातारी,
सफरचंदांच्या बागेमागे त्यांचा चरक फिरायचा
आणि घरभर पिवळा भुसा:
पावात, उशीत, पाळण्यातल्या बाळाच्या पापण्यांवर.
मातुरँ बासऱ्या कातायचा.
कातलेली वाजते का, हे बघायला फुंकायचा.
फुंकता फुंकता एक दिवस विसरला
की आपण फक्त तपासतोय.

पुढे पॅरिसला गेला. केसांचा टोप घातला,
टोपाला पावडर लावली,
एका बड्या घरी रात्रीच्या जेवणाला वाजवू लागला.
"जेवताना ऐकायचं कोण?"
"बहुधा कुणीच नाही. काट्या-चमच्यांचा आवाज मोठा."
वर्गाला हे फार अन्यायाचं वाटलं.

फळ्यावर शब्द लिहिला: बरोक.
म्हणजे मुळात वेडावाकडा मोती,
गोल व्हायचं राहून गेलेला.
गास्पारने वहीत टोप काढला, टोपात मोती,
मोत्याला पाय.

मग वाजवलं. त्याची एक संथ चाल.
आवाज लहान, मागच्या बाकापर्यंत जेमतेम पोचणारा,
वर्गातल्या पियानोपेक्षा अर्धा सूर खाली,
जणू कुणी मोठं माणूस बोलताना वाकून
आपल्या उंचीचं झालंय.
बाहेरून दुधाची गाडी गेली,
दोन-तीन सूर तिच्याबरोबर गेले.

आणि बिंतू, जी पंपाशिवाय कुठे जात नाही,
मी संपवायच्या आधीच हात वर करून म्हणाली,
"तो फार लवकर लवकर श्वास घेतो."
"मी घेते," मी म्हटलं.
"नाही. तो. कागदावर आहे."

पाहिलं. होतं.
दर चार-पाच सुरांनंतर ओळीच्या वर एक स्वल्पविराम,
इतर कुणी घालत नाही इतके.
वीस वर्षं मी त्यांच्यावरून धावत गेले
धडधाकट फुप्फुसांच्या तोऱ्यात.
माझे गुरुजी म्हणायचे, सोड ते,
छापणाऱ्याच्या शाईचे डाग.

"त्याला दमा होता," बिंतू म्हणाली. "भुशामुळे."
"हे कुठे लिहिलंय?" अर्थात सोलीन.
"कुठेच नाही," मला सांगावं लागलं,
"आपल्याला माहीत नाही."
बिंतूने खांदे उडवले.
तिला माहीत होतं.

पुन्हा वाजवलं. या वेळी
प्रत्येक स्वल्पविरामाशी थांबले.
चाल तुटली नाही.
जिन्यावर थांबतात ना माणसं,
एक हात कठड्यावर,
"तुम्ही व्हा पुढे, आलोच" म्हणत,
तशी थांबत थांबत वर चढली.
बिंतू पुढच्या बाकावर येऊन बसली.
तिचं बोट वर जायचं, खुणेच्या अर्धा क्षण आधी,
आणि मी श्वास घ्यायचे.

घंटा झाली. सगळी अंगणात धावली,
ओदिलाँ अजून एका कानात बोट घालून.
बिंतू मागून, आपल्या चालीने:
दारापाशी थांबली,
नळापाशी,
मग चेस्टनटच्या झाडाखाली.

मी बासरीचे तुकडे सुटे केले.
आतून ओली होती.
उलटी धरली, तर टेबलावर
तीन थेंब पडले.